साखर व स्मरणशक्ती

परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवण्याची चाल आपल्या देशी जुनी आहे. शेणव्याकडील अथवा मुरबाडकडील एखादा मुलगा दहावीच्या परीक्षेकरिता पहाटेची एस.टी. धरावयास निघाला, म्हणजे आजी त्यास उंबरठ्यावर थांबविते व चमचाभर गोड दही त्याच्या तळहातावर घालते. यात मायेचा भाग आहे, रूढीचा भाग आहे, आणि साखरेने डोके चालते अशी थोडीशी समजूतही आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हा आजच्या पाठाचा विषय होय. विषय मुलांपुरता नाही. ज्या आजीने दही दिले तिला संध्याकाळी आपण दही दिले की नाही हे आठवेनासे झाले, तर त्याचाही साखरेशी संबंध असू शकतो, हे या पाठात दिसून येईल.

प्रथम मेंदूच्या अन्नाविषयी. प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे सर्व शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे असते. परंतु शरीरात जी शक्ती खर्च होते तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा मेंदू घेतो. आपण नांगर धरलेला असो की निजलेले असो, त्याची मागणी फारशी कमी होत नाही. तो मुख्यत्वेकरून ग्लुकोज नावाच्या साखरेवर चालतो, व दिवसाकाठी त्यास सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. हे ऐकून कोणी म्हणेल, मग काय, मेंदूस साखर हवीच. चहात आणखी एक चमचा घालावा! येथेच पुष्कळांची फसगत होते. मेंदूस लागणारे ग्लुकोज पांढऱ्या साखरेतूनच आले पाहिजे असे मुळीच नाही. भात, नागली, वरई, तूर, वाल, करांदे, रताळी या सर्वांत जे पिष्ट आहे, ते पोटात विरघळून त्याचेच ग्लुकोज बनते. नागलीच्या पिठाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अशा पदार्थांचाच असतो. ज्याने सकाळी नागलीची भाकर व दुपारी डाळभात खाल्ला, त्याच्या मेंदूचे त्या दिवसाचे भाडे चुकते झाले. ज्या काळी आपल्या डोंगरांत साखरेचा खडा सणावारीच दृष्टीस पडे, त्या काळीही येथील माणसे वंशावळी, ऋतू, औषधी मुळ्या, रानवाटा आणि रात्ररात्र चालणारी गाणी तोंडपाठ ठेवीत असत. त्यांची स्मरणशक्ती साखरेवाचून अडली नव्हती.

आता दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला प्रथम वाचली तेव्हा खरी वाटली नाही. निरोगी प्रौढाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्या सर्व रक्तात मिळून कोणत्याही एका वेळी ग्लुकोज किती असते? सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर. एवढेच प्रमाण देह जपून राखतो. आपण तीन चमचे साखर घातलेला चहाचा पेला घोटभर घोटभर पितो, तेव्हा सबंध रक्तात असते त्याच्या तिप्पट साखर थोड्या मिनिटांत पोटात ओततो. ती वाटेस लावण्याकरिता पोटातील स्वादुपिंड नावाचा अवयव इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडतो, व तो रस साखरेस स्नायूंत व यकृतात नेऊन ठेवतो. भाकरीतील पिष्ट हळूहळू विरघळते. सालासकट दळलेल्या धान्यातील कोंडा व डाळीतील सत्त्व त्यास आणखी सावकाश सोडते. चहातील साखरेस मात्र विरघळण्याचेही काम उरलेले नसते. भाताच्या खाचरात पाटाने झुळझुळ पाणी सोडणे निराळे, आणि बांध फोडून एकदम लोंढा आत घेणे निराळे. दोन्ही वेळी पाणीच असते, पण रोपांची अवस्था एक राहत नाही.

दहीसाखरेची बाजूही सांगितली पाहिजे. उपाशी माणसास ग्लुकोजचे पाणी पाजून त्याच्या स्मरणाची परीक्षा घेण्याचे प्रयोग झालेले आहेत, आणि काही प्रयोगांत, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, थोड्या वेळापुरता थोडासा लाभ आढळला आहे. म्हणजे आजीचा चमचा अगदीच निरर्थक नाही. परंतु हा लाभ उपाशी पोटाचा व थोडक्या काळाचा आहे. परीक्षा तीन तासांची असते. तीत मुलास जे टिकवील ते पेज, भाकर, अंडे अथवा उसळ होय. केवळ गोड चहा व दोन बिस्किटे घेऊन गेलेल्या मुलास अकरा वाजता भूक लागते, आणि भुकेल्या मुलाचे लक्ष फळ्यावर राहत नाही, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे.

हे झाले एका दिवसाचे. वर्षानुवर्षे साखरेचा लोंढा येतच राहिला म्हणजे काय होते? इन्सुलिनचे काम अवघड होत जाते. शरीर त्याचे ऐकेनासे होते. स्वादुपिंड अधिकाधिक रस सोडून थकतो, आणि शेवटी रक्तातील साखर चढून राहते. यासच मधुमेह म्हणतात. साखर खाल्ली की प्रत्येकास मधुमेह होतोच असे नाही. कुळातील प्रवृत्ती, अंगमेहनतीचा अभाव, पोटावरील चरबी ही कारणेही असतात. पण साखर त्यास हातभार लावते, हे निश्चित. आपल्या वैद्यकास हा रोग फार प्राचीन काळापासून माहीत आहे. सुश्रुत व चरक यांच्या ग्रंथांत गोड लघवीचे वर्णन आहे, व मुंग्या लागतात हे लक्षणही तेथे नोंदलेले आहे. ती साखरच असते हे इंग्लंडातील मॅथ्यू डॉबसन नावाच्या वैद्याने लघवी आटवून 1776 साली दाखविले. आणि इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो शहरी 1921 साली लागला.

मधुमेहाने डोळे जातात, मूत्रपिंडे जातात, पायाची जखम चिघळते, हे आता खेड्यांतही लोकांस माहीत आहे. परंतु मेंदूही जातो, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. कारण एकच आहे. डोळा, मूत्रपिंड व पाय यांत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात आणि चढलेली साखर त्यांच्या भिंती बिघडविते. मेंदू तर अशा वाहिन्यांचे जाळेच आहे. पाटात गाळ साचला की पहिल्या खाचरास पाणी मिळते, शेवटचे खाचर कोरडे राहते. तसेच मेंदूतील दूरदूरच्या कोपऱ्यांस रक्त कमी पडू लागते. यातच मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आत, समुद्रघोड्यासारख्या आकाराचा एक लहान भाग आहे. त्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी गोष्ट मनात ठसविण्याचे काम प्रथम त्याच्याकडे येते: काल कोण आले, पैसे कोणास दिले, औषध घेतले की नाही. मेंदूस साखर आत घेण्यास इन्सुलिनची फारशी गरज नसते. तथापि स्मरणाच्या कामात, विशेषतः या हिप्पोकॅम्पसमध्ये, इन्सुलिनचाही हात असतो. म्हणून शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे झाले, म्हणजे त्या कामातही बिघाड शिरतो. अशा माणसास लहानपणचे सर्व आठवते, लग्नात कोण रुसले होते तेही आठवते, पण सकाळचे आठवत नाही, याचे कारण जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र पसरून पक्क्या झालेल्या असतात.

याचे पुरावे कोणते? बर्लिन येथील डॉक्टरांनी 2013 साली 141 माणसांची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांपैकी कोणासही मधुमेह नव्हता; सरासरी वय 63 होते. त्यांस पंधरा शब्दांची यादी पाठ करावयास देऊन अर्ध्या तासाने ती म्हणावयास सांगितली. ज्यांची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर कमी होती त्यांस अधिक शब्द आठवले. ज्यांची अधिक होती त्यांस कमी आठवले, आणि त्यांचा हिप्पोकॅम्पसही लहान आढळला. त्याच वर्षी अमेरिकेतील सिअॅटल येथील 2067 वृद्धांचा अभ्यास बाहेर आला. त्यांवर सुमारे सात वर्षे नजर ठेवली होती, आणि त्या काळात 524 जणांस स्मृतिभ्रंश जडला. मधुमेह नसलेल्यांतसुद्धा ज्यांची सरासरी साखर 115 होती त्यांस, 100 असलेल्यांच्या मानाने, हा धोका सुमारे 18 टक्के अधिक होता. अमेरिकेतीलच फ्रेमिंगहॅम गावाच्या प्रसिद्ध अभ्यासात 2017 साली असे दिसले की, जे गोड पेये अधिक पीत त्यांच्या मेंदूचा आकार कमी होता व आठवणही उणी होती. सर्व अभ्यासांची गोळाबेरीज केली तर मधुमेह्यास स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो.

सावध वाचक येथे विचारील, आणि त्याने विचारावेच, की दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण होते काय? ज्यास गोड पेयांची सवय आहे तो कदाचित चालतही कमी असेल, तंबाखूही खात असेल. शंका बरोबर आहे, आणि माणसांवरील अशा अभ्यासांनी ती पूर्ण फिटत नाही. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांकडेही पाहावे लागते. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात 2012 साली उंदरांस प्रथम चक्रव्यूहाची वाट शिकविली, मग सहा आठवडे पाण्याऐवजी फ्रुक्टोजचे गोड पाणी पाजले. आपल्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज व अर्धा फ्रुक्टोजच असतो. हे उंदीर शिकलेली वाट विसरू लागले. उंदराचा न्याय माणसास जसाच्या तसा लावता येत नाही. पण सर्व साक्षी एकाच दिशेस बोट दाखवीत आहेत.

आपल्याकडील बंधुभगिनींचे यावर ठरलेले उत्तर असते: मधुमेह हा शहरातील लठ्ठ शेटजींचा रोग, आम्ही तर काटकुळी माणसे, आम्हांस काय होणार? या उत्तराची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडातील साउथॅम्प्टनची बालके 3.5 किलोची होती. आश्चर्य हे की, या लहानग्यांचे स्नायू व पोटातील अवयव उणे होते, पण चरबी मात्र तितकी उणी नव्हती. बाहेरून रोड, आतून चरबीयुक्त, अशी ही घडण आईच्या पोटातच तयार होते. डॉ. याज्ञिकांनी 2004 साली इंग्लंडातील आपल्या एका सहकारी डॉक्टरांबरोबर स्वतःचेच छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघेही उंचीच्या मानाने अगदी सारख्याच वजनाचे. पण मोजले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या देहात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या देहात 21.2 टक्के! तेव्हा बरगड्या दिसतात म्हणून साखर माफ आहे, असे कोणी समजू नये. उपासमारीत जन्मलेल्या देहावर पुढे साखरेचा मारा झाला तर तो देह लवकर थकतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 सालच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख ठरली, व सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर आढळले.

पुण्याच्याच या अभ्यासातून स्मरणाविषयी आणखी एक गोष्ट निघाली. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-12 हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करण्यात व ऐकलेले अंक ध्यानात धरण्यात इतरांहून मागे पडली. ही माहिती 2008 साली प्रसिद्ध झाली. ब-12 हे अंडी, मासे, मांस व दूध यांतच मिळते. साखरेत ते कणभरही नाही, व इतर कोणतेही जीवनसत्त्व नाही. गरोदर बाईस दिवसभर कोरा गोड चहा पाजून आपण तिची भूक मारतो, तेव्हा तिला एक नको ती गोष्ट देतो व हवी ती हिरावून घेतो. सुकट, खेकडे, अंडे, नदीतील लहान मासळी या वस्तू आपल्या लोकांच्या खाण्यात पूर्वापार आहेत. त्यांची लाज वाटून त्या सोडण्याचे कारण नाही.

लहानपणच्या साखरेचा परिणाम किती लांब पोहोचतो याचा एक दाखला इंग्लंडातून मिळतो. महायुद्धात 1940 पासून तेथे साखर शिधापत्रिकेवर मिळे, व 1953 च्या सप्टेंबरात ते बंधन उठले. उठताच माणशी खप जवळजवळ दुप्पट झाला. संशोधकांनी 2024 साली ते बंधन उठण्याच्या आधी व नंतर जन्मलेल्यांची तुलना केली. आईच्या पोटात असताना व पहिल्या दोन वर्षांत ज्यांस कमी साखर मिळाली, त्यांस उतारवयात मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्के व रक्तदाबाचा सुमारे 20 टक्के कमी आढळला. कोणा डॉक्टराने ठरवून हा प्रयोग केला नव्हता. लढाईने तो करविला. म्हणून दोन वर्षांखालील बाळास साखरपाणी, गोड चहात बुडविलेले बिस्कीट किंवा साखर घातलेले दूध देऊ नये. बाळास गोडाची आठवण नसते. ती आपण लावतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. शहापूर व मुरबाड हे तालुके भाताचे व नागलीवरईचे. ऊस येथील नव्हे. साखर येथे घाटावरून येते. तिकडे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने सहकारी साखर कारखाना उभारला, व 1950 च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप झाले. त्यापुढे महाराष्ट्रात शेकडो कारखाने निघाले. त्यांनी घाटावरील शेतकऱ्यांच्या घरी पैसा व मुलांकरिता शाळा आणल्या, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण त्याबरोबर साखर ही सणाची वस्तू होती ती रोजची झाली. आज आमच्या पाड्यांत पाहुणा आला तर दूध नसेल, भाकर नसेल, पण गोड चहा असतोच, व चहा जितका गोड तितका मान मोठा. घरोघर फिरणाऱ्या उपदेशकास तर हे चांगले माहीत आहे: सकाळी सात घरी गेले तर सात पेले, आणि नाही म्हणावे तर माणूस दुखावतो. वीटभट्टीवर भिवंडी-कल्याणकडे गेलेल्या कातकरी कुटुंबांत पहाटेची न्याहरी पुष्कळदा कोरा चहा हीच असते. भूक मारावयास तो स्वस्त पडतो. अशा माणसास साखर सोड असे सांगणे सोपे, पण त्याच्या जागी काय खावे हे सांगितल्यावाचून ते सांगणे निष्ठुरपणाचे आहे. रात्रीची भाकर उरवून सकाळी चटणीशी खाणे, नागलीची आंबील करणे, मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे जवळ ठेवणे, हे चहाच्या आधी झाले पाहिजे. चहा मग खुशाल घ्यावा, चमचे उतरवावे.

किती उतरवावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली असे सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर अन्नशक्तीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी. शक्य तर विसाव्या हिश्श्याखाली आणावी, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, पाच-सहा लहान चमचे. यात चहा, बिस्किटे, शीतपेये, मिठाई, गूळ, मध सर्व आले. ताज्या फळांतील व दुधातील साखर यात मोजत नाहीत.

हा हिशोब ग्रॅमनी कळत नसेल तर एक सोपी रीत आहे, व प्रत्येक मंडळीत दोन-चार घरांनी ती करून पाहावी. साखरेची एक किलोची पिशवी ज्या दिवशी फोडाल तो दिवस भिंतीवर कोळशाने लिहा, आणि जी संपेल तो दिवसही लिहा. समजा, पाच माणसांच्या घरी ती पाच दिवसांत संपली. एक हजार ग्रॅमास पंचवीसने भागा: माणशी रोज 40 ग्रॅम. दुकानातून आणलेली बिस्किटे व रंगीत पेये यात धरलेलीच नाहीत. गोड बिस्किटांत सुमारे चौथा हिस्सा साखर असते. पुष्कळ काळ्या व नारिंगी पेयांत दर 100 मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम असते, म्हणजे एका लहान बाटलीत दिवसाचा सर्व वाटा संपतो. तीच पिशवी आठ दिवस पुरवावयाची असे घरातील बाईने ठरविले, तर कोणास उपदेश न करता माणशी साखर 25 ग्रॅमवर येते. जीभ दोन-तीन आठवड्यांत रुळते. नंतर पूर्वीचाच चहा घशाखाली उतरत नाही.

म्हशाच्या जत्रेतील मिठाई, नाताळातील करंजी, लग्नातील लाडू यांवर माझे काही म्हणणे नाही. वर्षातून चार वेळा खाल्लेल्या गोडाने कोणाची आठवण गेली नाही. अपाय रोजच्या पेल्याने होतो. गुळाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण साखर वाईट हे कळताच लोक गुळाकडे वळतात व दुप्पट खातात. गुळात थोडे लोह व क्षार आहेत. तरी तो बहुतांशी साखरच आहे, आणि रक्तात गेल्यावर रक्त त्याचा रंग पाहत नाही. रानातला मधही तसाच.

आता ज्या म्हाताऱ्यांची आठवण जाऊ लागली आहे त्यांच्याविषयी. गावात अशा माणसास लोक हसतात, सून वैतागते, कोणी म्हणतो करणी झाली, आणि भगताकडे कोंबडे जाते. ज्यांनी ती वाट सोडली आहे तेदेखील म्हणतात, वय झाले, चालावयाचेच. दोन्ही उत्तरांत त्या माणसाची तपासणी राहून जाते. तहान फार लागणे, रात्री वारंवार लघवीस उठणे, जखम न भरणे, अंग झडणे, ही मधुमेहाची लक्षणे आहेत. लघवीस मुंग्या लागेपर्यंत थांबणे म्हणजे घर अर्धे जळेपर्यंत थांबणे होय. वयाची तीस वर्षे झालेल्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासण्याची योजना सरकारी आरोग्यखात्यात आहे. आशाताईंस विचारावे अथवा जवळच्या आरोग्यकेंद्रात जावे. रात्री जेवल्यावर आठ तास काही न खाता सकाळी घेतलेल्या रक्तात साखर 100 च्या आत असेल तर ठीक. 100 ते 125 हा उंबरठा. 126 किंवा अधिक, आणि तीही पुन्हा तपासून तितकीच आली, तर मधुमेह. उंबरठ्यावरून परतता येते. चेन्नई येथे 531 लोकांवर झालेल्या व 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ चालणे व आहारातील बदल यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटले.

विसरभोळेपणाची इतर कारणेही डॉक्टरास शोधू द्यावी. ब-12 ची उणीव हे त्यांपैकी एक, आणि ते सुया-गोळ्यांनी सुधारते. मेटफॉर्मिन नावाची मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते, म्हणून त्यांनी मुद्दाम विचारावे. गोळी आपल्या मनाने सोडू नये. उच्च रक्तदाब, दारू, तंबाखू, ऐकू न येणे, एकटेपणा, आणि लहानपणी शिक्षण न मिळणे, ही सर्व स्मृतिभ्रंशाची कारणे म्हणून जगातील तज्ज्ञांच्या 2024 सालच्या अहवालात मधुमेहाबरोबर एकाच यादीत आहेत. रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरे गिरविणाऱ्या म्हाताऱ्यांस जे हसतात, त्यांनी ही यादी वाचावी.

शेवटी एक इशारा, कारण अर्धवट ज्ञानाने अपघात होतात. हा पाठ ऐकून कोणी मधुमेही मनुष्य साखरेबरोबर जेवणही कमी करील, आणि गोळी अथवा इन्सुलिनची सुई मात्र घेत राहील. काही औषधांवर उपाशी राहिले, किंवा रिकाम्या पोटी मोहाची दारू प्याली, तर रक्तातील साखर एकदम खाली उतरते. मेंदूचे अन्नच तुटते. मनुष्य घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, ओळखीच्या माणसास ओळखत नाही. पाहणाऱ्यास वाटते की हा प्यालेला आहे अथवा झपाटलेला आहे. असा प्रसंग वारंवार व जोराचा आला तर त्यानेही स्मरण कायमचे दुबळे होते. अशा वेळी तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटे थांबून आराम नसेल तर पुन्हा पाजावी, व बरे वाटताच भाकर किंवा भात द्यावा. त्या घटकेस साखर हेच औषध. तेथे या पाठातील वरचे काही लागू नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. कुशीवर निजवावे, 108 क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि तो कोणत्या गोळ्या घेतो ती चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट डॉक्टरास दाखविण्यास बरोबर न्यावे.